सोबतीचा उपास

सुशीलक्कांनी वरच्या मजल्यावरचं घर दाखवायच्या आधी माझी तोंडी परीक्षा घेतली होती. नोकरी कुठं, लग्न झालंय का, मांसमच्छी खातेस का, हे प्रश्न बंगळूरच्या एचएसआर लेआउटमधल्या बाकीच्या घरमालकांकडे ऐकून मला पाठ झाले होते. अक्कांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. दारातच मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून त्यांनी विचारलं, "भाजीत साखर घालतेस?"

मी नागपूरची. आमच्याकडे भाजीत साखर घालणाऱ्या माणसाला पोरगीसुद्धा देताना दोनदा विचार करतात. मी तसं सांगितल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

"सरी. मग राहा. आधी एक पुण्याची होती वर. पोरगी चांगली होती, खोटं कशाला बोलू. पण आमटीत गूळ, भाजीत साखर, चिवड्यात साखर. वास खाली यायचा आणि हे जाऊन जिन्यात उभे राहायचे की!"

हे म्हणजे त्यांचे यजमान, माधवराव, सगळ्या गल्लीचे अण्णा. ते त्या वेळी अक्कांच्या मागं उभे राहून जिन्याची आठवण आल्यासारखे हसत होते.

"ह्यांना ट्रायग्लिसराईड आहे," अक्का म्हणाल्या. तक्रार आणि अभिमान यांच्या बरोबर मधला असा त्यांचा तो आवाज होता. पुढं पाच-सहा वर्षं मी तो रोज ऐकला.

अक्कांचं घराणं बंगळूरमधलं जुनं. किती जुनं, तर त्यांनाही नीट सांगता यायचं नाही. "आमचे लोक घोड्यावर बसून आले ते आलेच. परत जायला बस झाली, रेल्वे झाली, विमान झालं, कोणी गेलं नाही," असं त्या म्हणायच्या. घरात मराठी बोलायच्या, पण त्यांची मराठी मी नागपूरहून आणलेल्या मराठीपेक्षा फार वेगळी होती. बरं म्हणायचं की 'सरी', पुरे झालं की 'साकु', नको असलं की 'बेडा', आणि एखादी गोष्ट टाळायची असली की 'नोडोणा'. नोडोणा म्हणजे बघू या. हा शब्द मला आधी फार गोड वाटायचा. आता कुणी बोललं तरी अंगावर काटा येतो.

अण्णांच्या आजाराची गोष्ट अक्का नव्या माणसाला पहिल्या भेटीतच सांगत. अण्णा एका सरकारी कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते. निवृत्तीच्या सुमाराला पोटात दुखायला लागलं म्हणून रक्त तपासलं. लॅबमधल्या बाईंनी अक्कांना आत बोलावलं आणि नळी दाखवली. रक्त खाली बसलं होतं आणि वर जे पाणी पिवळसर दिसायला हवं, ते पांढरं, दाट दिसत होतं.

"ताक केल्यावर लोणी काढून भांडं विसळतो ना, ते पाणी बघ. तसं! माणसाच्या अंगातनं!" हे सांगताना अक्का दरवेळी हात साडीला पुसत. "मी त्या बाईला म्हटलं, अम्मा, हे रक्त कुणाचं, नीट बघा. ती म्हणाली, तुमच्याच यजमानांचं."

डॉक्टरांनी समजावून सांगितलं की चरबीचाच हा एक प्रकार, पण तो नुसत्या तेलातुपानं वाढत नाही. साखर, मैदा, पांढऱ्या भाताचे डोंगर, बसून राहणं, यानं जास्त वाढतो. फार वाढला तर पोटातलं स्वादुपिंड सुजतं, आणि वर्षानुवर्षं असाच राहिला तर हृदयाच्या नळ्यांचं काही खरं नाही. अण्णांचे वडीलही हृदयविकारानंच गेले होते. हे सगळं डॉक्टर अण्णांना सांगत होते, पण ऐकलं ते अक्कांनी. अण्णा, त्यांच्याच कबुलीनुसार, त्या वेळी खालच्या हॉटेलात केसरीबाथ, म्हणजे केशरी शिरा, मिळेल का, याचा विचार करत होते.

त्या दिवसापासून घरातली साखर संपली. संपली म्हणजे अक्कांनी डबाच धुऊन त्यात नाचणीचं पीठ भरलं. भात वाटीनं मोजून, तोही दुपारी. रात्री नाचणीची मुद्दे, म्हणजे पिठाचा उकडलेला गोळा, आणि भरपूर पालेभाजीचं सारू. कॉफी बिनसाखरेची. जवसाची चटणी. जेवणानंतर गोळी, आणि गोळी गिळेपर्यंत अक्का समोर उभ्या. संध्याकाळी बागेला फेऱ्या. अण्णा पुढं, अक्का मागं, कारण पुढच्या माणसावर मागून लक्ष ठेवता येतं.

अण्णा गोडाचे असे वेडे की माणसानं लाजावं. एकदा त्यांनी देवळात जाण्याचा नेम धरला. रोज सकाळी, न चुकता. अक्कांना आधी बरं वाटलं, म्हातारपणी का होईना, देव आठवला. मग एक दिवस त्या स्वतः देवळात गेल्या, तर भटजी म्हणाले, "अण्णा येतात की, पण आत येत नाहीत. बाहेरच प्रसाद घेतात." प्रसाद म्हणजे तूप गळणारा सक्करे पोंगल, गुळातला गोड भात, द्रोण भरून. अक्कांनी तिथल्या तिथं भटजींशी कन्नडमध्ये असा काही संवाद केला की दुसऱ्या दिवसापासून अण्णांना तीर्थ आणि तुळशीचं पान मिळू लागलं. नंतर त्यांनी कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला सांगितलं, चौकातल्या मिठाईवाल्याला सांगितलं, नारळपाणीवाल्यालासुद्धा सांगून ठेवलं. आमच्या क्रॉसवर, म्हणजे गल्लीत, अण्णांना कुणी गोड देईना. मिठाईवाला तर अण्णा दिसले की हात जोडून म्हणायचा, "अक्का बैतारे, अण्णा." अक्का रागावतील.

मी वर राहायला आले त्याच्या दुसऱ्या वर्षी आमच्या कंपनीनं सगळ्यांची तपासणी केली. माझाही ट्रायग्लिसराईडचा आकडा रेषेच्या वर निघाला. दिवसभर खुर्चीत बसायचं, रात्री बेळ्ळंदूरच्या गर्दीतून घरी येऊन फोनवर बिर्याणी मागवायची, वर थंड पेयाची बाटली. दुसरं काय होणार! मी हे अक्कांना सांगायची चूक केली. त्यांनी चष्मा लावून माझा रिपोर्ट वाचला. बाकी काही न बघता त्यांचं बोट थेट त्या ओळीवर गेलं.

"अय्यो. तुझ्या वयाला हे?"

त्या दिवसापासून माझ्या जिन्याच्या कठड्यावर संध्याकाळी झाकलेलं ताट येऊ लागलं. मोड आलेल्या मुगाची कोशिंबीर, नाचणीची भाकरी, जवसाची चटणी. थंड पेयाची बाटली घेऊन जिना चढणं बंद झालं, कारण खाली अक्का उभ्या असायच्या. वर्षभरात माझा आकडा खाली आला. अक्कांनी तो रिपोर्ट अण्णांना दाखवला आणि म्हणाल्या, "बघा. लहान पोरगी ऐकते." मी तेव्हा पस्तिशी ओलांडली होती, पण मला आतून फार बरं वाटलं. परक्या गावात माझ्या रक्तात काय चाललंय याची काळजी करणारं कुणीतरी आहे, याचं ते बरं वाटणं होतं.

दर तीन-चार महिन्यांनी अण्णांची तपासणी असे. अण्णांची स्कूटर बिघडली, मग त्यांची नजरही कमी झाली, तेव्हापासून मी दोघांना माझ्या गाडीतून न्यायला लागले. आदल्या रात्री लवकर जेवायचं आणि मग सकाळी रक्त देईपर्यंत पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. पहिल्यांदा नेलं तेव्हा मला कळलं की उपाशी अण्णा एकटे नसतात. अक्काही उपाशी असतात.

"तुम्ही का?" मी विचारलं.

"हे उपाशी आणि मी कॉफी घेऊ? वास जाईल ना ह्यांना. आणि एकटं कशाला राहायचं माणसानं उपाशी? सोबत असली की कळत नाही."

लॅबमध्ये खिडकीजवळ एक खुर्ची होती, ती अक्कांची. मांडीवर स्टीलचा डबा, त्यात इडल्या आणि चटणी. अण्णा आत जात, बाही वर करत, शोभा नावाची मुलगी रक्त घेत असे. ज्या बाईंनी पूर्वी पांढरी नळी दाखवली होती, त्यांचीच ही मुलगी. आईनंतर ती त्याच खुर्चीवर बसली होती. अण्णा कापूस दाबत बाहेर आले की अक्का डबा उघडत. आधी अण्णांना, मग स्वतः. लॅबच्या दारातल्या त्या इडल्या मीही खाल्ल्यात. इतक्या चवीच्या इडल्या मला पुन्हा मिळाल्या नाहीत.

शोभा एकदा म्हणाली, "आंटी, नीवू कोडी. तुम्ही पण रक्त द्या. उपाशीच आहात, तुमचं पण घेते. दोन मिनिटांचं काम."

"मी सोबत आलेय गं," अक्का हसून म्हणाल्या. "मला काय झालंय?"

गाडीत मी तो विषय पुन्हा काढला. अक्कांचं वजन वाढलं होतं, जिना चढताना धाप लागायची, पायावर सूज दिसायची. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "घरात एकानं पथ्यावर बसायचं, एकानं वाढायचं. दोघं पथ्यावर बसली तर चूल कुणासाठी पेटवू?" मग जरा थांबून, "नोडोणा."

आता जी गोष्ट सांगायची ती मला तेव्हा गंमत वाटली होती. आमच्या ओळखीतल्या एकांचा बेळ्ळंदूरला नव्या फ्लॅटमध्ये गृहप्रवेश होता. आम्ही तिघं गेलो. निघताना त्यांनी प्रत्येकाच्या हातात मिठाईचा खोका ठेवला. चिरोटी, म्हैसूरपाक, तुपातले लाडू. अण्णांनी आपला खोका दोन्ही हातांनी धरला होता. अक्कांनी तो काढून घेतला, 'साकु' म्हणाल्या आणि पिशवीत टाकला. घरी आल्यावर अण्णा अंघोळीला गेले. मी खाली माझी छत्री घ्यायला आले, तर अक्का स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या होत्या. खोका उघडा होता आणि त्या घाईघाईनं चिरोटी खात होत्या. पदरावर साखरेचा पांढरा भुगा सांडला होता.

मला बघून त्या लाजल्या. "टाकायचं कसं गं? अन्न आहे. आलेलं गोड परतही देता येत नाही, अपशकुन होतो. घरात ठेवलं तर ह्यांच्या हाताला लागतं. मग संपवायलाच लागतं की."

"कामवाल्या बाईंना द्या."

"तिला पण साखर आहे! तिला देऊन मी पाप घेऊ?"

मी हसले. त्याही हसल्या. त्यांनी मला अर्धा म्हैसूरपाक दिला आणि तोंडावर बोट ठेवून न्हाणीघराच्या दाराकडे बघितलं. तेवढ्यात आतून अण्णांनी विचारलं, "अगं, काय खातेस?" आणि अक्कांनी तोंड भरलेलं असताना "वेलदोडा" असं उत्तर दिलं.

पण असे खोके रोज यायचे. दिवाळीला अण्णांच्या जुन्या सहकाऱ्यांचे, श्रावणात शेजारच्यांच्या पूजांचे, लग्नांचे, बारशांचे, इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या त्यांच्या भाच्याच्या प्रमोशनचे. एवढं मोठं शहर, त्यात आनंदाच्या बातम्यांना तोटा नाही, आणि प्रत्येक बातमीबरोबर तूप आणि साखर. अण्णांच्या ताटातून जे जे उचललं गेलं ते अक्का ओट्याशी उभ्या राहून संपवत होत्या. बसून खाल्लं असतं तर निदान अण्णांना दिसलं असतं. उभ्यानं खाल्लेलं आमच्या बायकांच्या हिशेबात खाणंच नसतं. मला या गोष्टीचा अजूनही राग येतो. त्यांचा राग येतो. इतकी हुशार बाई, गल्लीतल्या प्रत्येकाचा रिपोर्ट वाचायची, बेकरीवाल्याला दम द्यायची, आणि आपल्या तोंडात काय जातंय ते तिला दिसू नये?

मग एका हिवाळ्यात बागेतल्या फेऱ्यांचा क्रम बदलला. अण्णा पुढं निघून जायचे आणि अक्का मधेच बाकावर बसायच्या. मी सुट्टीच्या दिवशी बरोबर असायची. एकदा त्यांच्या शेजारी बसले तर त्या जबड्याला हात लावून बसल्या होत्या. गालात लवंग धरली होती.

"दाढ दुखतेय," त्या म्हणाल्या. "चाललं की दुखते. बसलं की राहते."

"चालल्यावर कुठली दाढ दुखते, अक्का?"

"वारं लागत असेल."

"डॉक्टरकडे चला."

"पुढच्या महिन्यात ह्यांना घेऊन जायचंच आहे, तेव्हा विचारते."

गेल्या, पण विचारलं नाही. मी घरी आल्यावर खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, अण्णांच्या गोळीचं बोलण्यातच वेळ गेला, बाहेर माणसं खोळंबली होती. डॉक्टर आपणहून म्हणाले होते, अम्मा, तुम्ही पण एकदा तपासून घ्या. अक्कांनी त्यांना काय उत्तर दिलं असेल ते मला सांगायची गरज नव्हती.

त्या दिवशी मी त्यांच्याशी भांडले. चांगली नागपुरी भांडले. म्हटलं, या वेळी अण्णांचं रक्त देताना तुमचंही द्यायचं, नाहीतर मी वरून बिर्याणीचा वास खाली सोडते आणि बाटली घेऊन जिन्यात बसते. त्या हसत सुटल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "सरी, सरी. देते. रिकाम्या पोटी असतेच की मी." आणि मग हळूच, "रेवती, काही निघालं तर ह्यांना सांगायचं नाही. घाबरतात."

मला वाटलं, जिंकले.

त्या सकाळी आम्ही लॅबमध्ये पोचलो. अक्कांनी खरंच स्वतःचं नाव नोंदवलं होतं. शोभानं दोन नळ्या तयार ठेवल्या आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. अण्णांचं रक्त घेऊन झालं, ते उठले, आणि बाहेर येता येता भिंतीला टेकले. चेहरा पांढराफटक झाला होता. रात्री नीट झोप नव्हती, उपास जरा लांबला होता, एवढंच. पण अक्का ताडकन उठल्या. त्यांना खुर्चीत बसवलं, पदरानं वारा घातला, डबा उघडला, इडलीचा तुकडा तोंडात घातला. दोन-तीन तुकडे पोटात गेल्यावर अण्णांच्या चेहऱ्यावर रंग आला. त्यांनी अक्कांकडे पाहिलं. त्या अजून पदरानं वारा घालत होत्या. अण्णांनी डब्यातली इडली उचलली, चटणीत बुडवली आणि अक्कांच्या तोंडाशी नेली.

"तूही खा. कालपासून उपाशी आहेस माझ्यापायी."

मी "अक्का!" म्हणून ओरडले. पण अण्णांनी, ज्यांनी कधी चारचौघांत बायकोचा हातसुद्धा धरला नसेल, त्यांनी आपल्या हातानं भरवलेला तो घास होता. अक्कांनी तोंड उघडलं आणि खाल्लं. नंतर त्यांच्या लक्षात आलं. शोभाकडे बघून त्यांनी जीभ चावली.

"उद्या या आंटी," शोभा म्हणाली. "आत्ता खाल्लं तर त्या तपासणीचं बरोबर कळत नाही. उद्या सकाळी या."

"माझ्या एकटीसाठी परत यायचं?" अक्का म्हणाल्या, जणू कुणी त्यांना काशीला जायला सांगितलं होतं. "पुढच्या खेपेला देते की. नोडोणा."

शोभानं दुसरी रिकामी नळी परत ठेवून दिली.

युगादी, म्हणजे आपला पाडवा, झाला. त्या घरात वर्षातून एकदा, युगादीला, अण्णांना एक ओब्बट्टु मिळायचा, आपली पुरणपोळीच, पण बिनतुपाचा. अण्णा तो तासभर खायचे. बाकीचे अक्का गल्लीभर वाटायच्या आणि त्या बदल्यात गल्लीभरातून ओब्बट्टु परत यायचे. ते कुठं जायचे, ते आता सांगायला नको.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, एका दुपारी, मी ऑफिसात असताना अण्णांचा फोन आला. "रेवती, ही लवंग दे म्हणाली आणि खाली बसली." त्यांना पुढं बोलता येईना. शेजारच्यांनी अक्कांना गाडीत घालून इस्पितळात नेलं होतं. मी निघाले. बेळ्ळंदूरहून एचएसआरकडे यायचा तो रिंग रोड मी किती वेळा शिव्या घालत पार केला असेल, त्या दिवशी शिव्यासुद्धा सुचल्या नाहीत. चारी बाजूंनी गाड्या, मधोमध मी. उतरून पळत जावं असं वाटत होतं. मी पोचले तेव्हा अक्का आत होत्या आणि कुणाला आत सोडत नव्हते.

अण्णा बाकावर बसले होते. मांडीवर निळी फाईल. घरातून निघताना घाबरून त्यांनी कपाटातली ती उचलली होती. आतून एक तरुण डॉक्टर आले आणि विचारू लागले. बीपी होतं का? साखर? आधी कधी छातीत, जबड्यात दुखलं होतं? जुने रिपोर्ट आहेत का? अण्णांनी फाईल पुढं केली. डॉक्टरांनी पानं उलटली. वर्षानुवर्षांचे रिपोर्ट, तारखेनुसार लावलेले, प्रत्येकावर अक्कांच्या हातची पेन्सिलीची खूण.

"हे तर तुमचे आहेत," डॉक्टर म्हणाले. "त्यांचे?"

अण्णांनी फाईलकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

थोड्या वेळानं तेच डॉक्टर परत आले. त्यांनी सांगितलं की रक्त तपासलंय, साखर बरीच वाढलेली आहे, आणि नळीत वर सगळं पांढरं आलंय. त्यांनी विचारलं, "गोड फार खायच्या का?"

"नाही हो," अण्णा म्हणाले. अगदी विश्वासानं म्हणाले. "आमच्या घरात किती वर्षं गोड कुणी खात नाही."

मला ओट्याजवळची चिरोटी आठवली. त्या वेळी बोलून कुणाचं काय भलं होणार होतं?

संध्याकाळच्या आत अक्का गेल्या. डॉक्टर नंतर मला म्हणाले, एकाच गोष्टीनं असं होत नाही. वय असतं, न कळलेली साखर असते, दाब असतो, वजन असतं. पण यातलं सगळं आधी कळण्यासारखं होतं आणि आवरण्यासारखंही होतं. ते शांतपणे बोलत होते. मला मात्र डोळ्यासमोर शोभा दिसत होती, ती रिकामी नळी परत ठेवताना.

दिवस झाले. पै-पाहुणे पांगले. हुब्बळ्ळीहून आलेली अक्कांची मुलगी वीणा अण्णांना घेऊन जाते म्हणत होती, अण्णा नको म्हणाले. तिला मदत म्हणून मी स्वयंपाकघर आवरत होते. नाचणीच्या पिंपामागं एक पितळेचा जुना डबा निघाला. वीणानं झाकण काढलं. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले ओब्बट्टु होते, वाळून कडक झालेले, आणि म्हैसूरपाकाच्या वड्या. अण्णा दारात उभे होते, ते आम्हाला आधी दिसले नव्हते.

वीणा म्हणाली, "आईनं तुमच्यापासून लपवले असतील, अण्णा."

अण्णा आत आले. त्यांनी एक वडी हातात घेतली, वास घेतला आणि परत डब्यात ठेवली.  त्यांना न्हाणीघराच्या दाराआडून ऐकलेलं ते 'वेलदोडा' आठवत असणार.

"म्हणजे माझ्या वाटचं सगळं तिनं खाल्लं," ते म्हणाले आणि तिथंच फरशीवर बसून लहान मुलासारखे रडले. वीणाला काही कळलं नाही. 

अण्णांनी पथ्य सोडलं नाही. मला वाटलं होतं सोडतील. आता रोखणारं कुणी नाही, मिठाईवाल्यालाही आता भीती उरली नाही. पण ते वाटीनं मोजून भात घेतात, रात्रीची गोळी समोर कुणी उभं असल्यासारखी घेतात. बागेत फेऱ्या घालताना त्या बाकाशी थांबतात आणि मग पुढं जातात. कुणी मिठाईचा खोका आणला की ते दारातच हात जोडतात आणि म्हणतात, "परत न्या. आमच्याकडे खायला कुणी नाही." माणसं ओशाळतात. एकदोघांनी वाईटही वाटून घेतलं. अण्णा ऐकत नाहीत.

परवा त्यांच्या तपासणीची तारीख आली. आदल्या रात्री मी लवकर जेवले आणि मग काही खाल्लं नाही. सकाळी चहासुद्धा घेतला नाही. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना एकट्यानं उपाशी बसवायचं माझ्या जिवावर आलं, एवढंच. मी इडल्या केल्या. त्या काही तशा झाल्या नाहीत, पण डबा तोच घेतला. गाडीत अण्णांनी डब्याकडे बघितलं आणि विचारलं, "तू खाल्लंस?"

"तुमच्याबरोबर खाईन."



लॅबमध्ये खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. मी तिच्यात बसणार नव्हते. अण्णांनी माझ्या हातातून डबा घेतला आणि त्या खुर्चीवर ठेवला. आत शोभानं त्यांना बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. तिनं कन्नडमध्ये हळू आवाजात काही म्हटलं, अण्णांनी मान हलवली. मग तिनं त्यांच्यासाठी नळी काढली आणि "बनी, अण्णा," म्हणून रक्त घ्यायची खुर्ची दाखवली.

अण्णा बसले नाहीत. त्यांनी वळून माझं मनगट धरलं आणि मला त्या खुर्चीत बसवलं. माझी बाही त्यांनी स्वतः वर केली.

"ही पण उपाशी आहे," ते म्हणाले. "आधी हिचं घ्या, शोभा. नंतर राहून जातं."